न्यूयॉर्कमध्ये मुलांना सरकारी शाळेत घालताना: पत्ता, वंश आणि पसंतीची यादी

न्यूयॉर्कला बदली झालेल्या मराठी कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चांगल्या शाळा कुठल्या भागात आहेत?" तासाभरात दहा उत्तरं येतात. कुणी शहराच्या क्वीन्स भागातला डिस्ट्रिक्ट २६ (डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळांचा प्रशासकीय विभाग) सांगतं, कुणी थेट न्यू जर्सीला या म्हणतं, कुणी एखाद्या संकेतस्थळावरचा दहापैकी नऊचा आकडा पाठवतं. यातल्या बहुतेक उत्तरांत शाळेत काय शिकवतात ते कुठेच नसतं. त्या भागात कोण राहतं आणि कोण राहत नाही, एवढंच त्यातून कळतं. आपल्याकडे घर भाड्याने देताना "आडनाव काय?" असं विचारलं की पुढचं सगळं न बोलता कळतं. अमेरिकेत तेच काम "स्कूल डिस्ट्रिक्ट कसं आहे?" हा प्रश्न करतो.

ही माहिती मुख्यतः किंडरगार्टनच्या, म्हणजे पाच वर्षांच्या मुलांच्या प्रवेशाबद्दल आहे. न्यूयॉर्क शहरात पालकांना निवडीला खराखुरा वाव आहे, पण नियम माहीत नसल्यामुळे लोक तो वाया घालवतात. तारखा आणि अर्जाचे तपशील दरवर्षी थोडे बदलतात, ते शहराच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर ताडून घ्या.

नकाशा असा का आहे

एवढा इतिहास माहीत नसेल तर पुढचे आकडे चुकीचे वाचले जातात. १९३३ साली अमेरिकी सरकारने घरकर्जांसाठी 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' स्थापन केलं. या संस्थेने शहरांच्या वस्त्यांचे नकाशे रंगवले: हिरवा उत्तम, निळा बरा, पिवळा उतरता, लाल धोकादायक. कृष्णवर्णीयांची वस्ती असलेले भाग जवळपास सरसकट लाल झाले. ब्रुकलिनचा बेडफर्ड-स्टायव्हेसंट त्यातलाच. अशा भागांत कर्ज मिळणं अवघड होतं, आणि जिथे कर्ज मिळत नाही तिथे घरांची किंमत वाढत नाही. प्राथमिक शाळेचा झोन, म्हणजे ज्या हद्दीतली मुलं त्या शाळेत जातात ती हद्द, घराच्या पत्त्यावर ठरत असल्यामुळे वस्तीची विभागणी तशीच्या तशी वर्गात उतरली. ३ फेब्रुवारी १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या सुमारे साडेचार लाखांहून अधिक मुलांनी याच कारणासाठी शाळेवर बहिष्कार टाकला होता. त्याची आखणी नागरी हक्क चळवळीतले नेते बेयर्ड रस्टिन यांनी केली होती.

पुढचे दोन निकाल आजच्या पालकाच्या थेट उपयोगाचे आहेत. १९७४ च्या 'मिलिकन विरुद्ध ब्रॅडली' निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शहरातल्या शाळांचं वांशिक विभाजन मोडण्यासाठी उपनगरांच्या डिस्ट्रिक्टना त्यात ओढता येणार नाही, जोवर त्या विभाजनात त्यांचा हात होता हे सिद्ध होत नाही. त्यामुळे डिस्ट्रिक्टची हद्द ही भिंत झाली. लाँग आयलंडच्या उपनगरांत किंवा न्यू जर्सीच्या बहुतेक गावांत निवडीचा प्रश्नच उरत नाही. पत्ता तीच शाळा, आणि घरभाडं हीच तिची फी. २००७ च्या निकालाने, सिअ‍ॅटल आणि लुईव्हिलच्या खटल्यात, एखाद्या मुलाचा वंश बघून त्याला अमुक शाळेत जागा द्यायची वा नाकारायची ही पद्धत बंद केली. तेव्हापासून शहरं मिश्र वर्गासाठी वंशाऐवजी कुटुंबाचं उत्पन्न बघतात.

न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत सुमारे ९ लाख मुलं आहेत. त्यांत साधारण ४० टक्के लॅटिनो, २० टक्क्यांच्या आसपास कृष्णवर्णीय, त्याहून किंचित कमी आशियाई आणि १५-१६ टक्के गोरी मुलं आहेत. एखाद्या शाळेत ७० टक्के गोरी मुलं दिसली तर ती 'सर्वसाधारण' शाळा नव्हे, हे या आकड्यांवरून लक्षात येईल.

पायरी पहिली: पत्ता सही करण्याआधी तपासा

शहर ३२ डिस्ट्रिक्टमध्ये विभागलेलं आहे. बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये प्रत्येक पत्त्याला एक झोनची शाळा असते, पण १, ७ आणि २३ या डिस्ट्रिक्टमध्ये प्राथमिक शाळांना झोनच नाहीत. तिथे डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्यांनाच पसंतीने अर्ज करावा लागतो.

इमारतीचा पूर्ण पत्ता शिक्षण खात्याच्या शाळाशोधात टाका किंवा शहराच्या ३११ या हेल्पलाइनवर फोन करून विचारा. घराच्या जाहिरातीत छापलेल्या शाळेच्या नावावर भरवसा ठेवू नका. झोनची रेघ बऱ्याचदा रस्त्याच्या मधून जाते. सम क्रमांकाच्या बाजूची मुलं एका शाळेत आणि समोरच्या विषम बाजूची दुसऱ्या शाळेत, असं सर्रास घडतं. "शाळेच्या अगदी शेजारी" म्हणून घेतलेलं घर दुसऱ्याच झोनमध्ये निघतं ते यामुळेच.

झोन कायमचाही नसतो. डिस्ट्रिक्टचं कम्युनिटी एज्युकेशन कौन्सिल नव्या रेषांवर मतदान करतं आणि त्याच्या सभा सगळ्यांना खुल्या असतात. ब्रुकलिनचं उदाहरण बघा. पीएस (पब्लिक स्कूल) ८ ही ब्रुकलिन हाइट्समधली, बहुसंख्य गोऱ्या मुलांची शाळा ओसंडून वाहत होती. जवळच, फॅरागट हाउसेस या सरकारी घरांना लागून असलेल्या पीएस ३०७ मध्ये बहुतेक मुलं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होती, आणि वर्ग रिकामे होते. जानेवारी २०१६ मध्ये डम्बोसारखा महागडा भाग पीएस ८ मधून काढून ३०७ ला जोडला गेला. सभांमध्ये दोन्हीकडचे पालक अस्वस्थ होते, आणि ३०७ च्या पालकांची भीती अशी की आपण उभी केलेली शाळा आता आपलीच राहणार नाही. गच्च भरलेल्या शाळेच्या झोनमध्ये केवळ शाळेसाठी घर घेणाऱ्याने कौन्सिलच्या गेल्या वर्षभराच्या सभांची इतिवृत्तं वाचावीत. तिथे 'रिझोनिंग' (झोनच्या रेषा बदलणं) हा शब्द वारंवार दिसला तर सावध व्हा.

आणखी एक गोष्ट: झोनमध्ये राहणं म्हणजे जागेची हमी नव्हे. शाळा भरली की झोनमधल्या मुलालाही वेटिंग लिस्टवर ठेवून दुसऱ्या शाळेत जागा देतात. ज्या शाळेवर डोळा आहे ती गेल्या दोन-तीन वर्षांत अशी भरली होती का, हे त्या शाळेच्या पॅरेंट कोऑर्डिनेटरला विचारा. प्रत्येक शाळेत असा माणूस असतो आणि पालकांशी बोलणं हेच त्याचं काम असतं.

घर दाखवणाऱ्या एजंटला "इथे कुठले लोक राहतात?" विचारलं तर तो उत्तर टाळतो. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश बघून गिऱ्हाइकाला एका भागाकडे वळवणं बेकायदा ठरवलं आहे. टाळतो हे ठीक. काही जण मात्र न बोलताच वळवतात. 'न्यूजडे' या दैनिकाने २०१९ मध्ये लाँग आयलंडवर गुप्तपणे घेतलेल्या चाचण्या छापल्या. आशियाई गिऱ्हाइकांना १९ टक्के, लॅटिनोंना ३९ टक्के आणि कृष्णवर्णीयांना ४९ टक्के वेळा असमान वागणूक मिळाल्याचं त्यात दिसलं. तेव्हा एजंटने दाखवलेल्या भागांची यादी हीच सगळी यादी समजू नका. नकाशा स्वतः उघडा.

पायरी दुसरी: शाळेचा आकडा सोलून बघा

घरांच्या संकेतस्थळांवर शाळेपुढे १ ते १० चा आकडा असतो. त्यात मुख्य वजन परीक्षेच्या गुणांचं असतं, आणि सरासरी गुण हे बहुतांशी घरच्या परिस्थितीचं प्रतिबिंब असतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात शॉन रिअर्डन यांच्या गटाने देशभरातल्या शाळांचे गुण एका मापावर आणले. त्यात सरासरी गुणांचा कुटुंबांच्या सांपत्तिक स्थितीशी घट्ट संबंध दिसला, पण मुलं वर्षागणिक किती पुढे सरकतात याचा त्या स्थितीशी संबंध फारच सैल निघाला. शिकागोच्या मुलांनी तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांइतकी प्रगती केली होती. १० पैकी ३ वाल्या शाळांनी भरलेलं शहर म्हणून लोक ज्याला नाकं मुरडतात, ते हे शिकागो.

हिशेब असा मांडून बघा. समजा, 'क' शाळेत १०० मुलं: १० गरीब घरची, ९० सुखवस्तू. गरिबांतली ४ आणि इतरांतली ८१ पास झाली. शाळेचा निकाल ८५ टक्के. 'ख' शाळेत ६० गरीब, ४० सुखवस्तू. गरिबांतली ३० आणि इतरांतली ३६ पास झाली. निकाल ६६ टक्के. यादीत 'क' खूप वर दिसेल. पण सुखवस्तू मुलांचा निकाल दोन्हीकडे ९० टक्केच आहे, आणि गरीब मुलांचा 'क' मध्ये ४० तर 'ख' मध्ये ५० टक्के. म्हणजे कुठल्याही घरच्या मुलासाठी 'क' ने जास्त काही केलेलं नाही. तिच्याकडे फक्त वेगळी मुलं आली. दोन शाळांची तुलना करताना एकूण निकालाऐवजी गटवार निकाल घ्या. राज्याच्या शिक्षण खात्याच्या आकडेवारीत तो 'आर्थिकदृष्ट्या वंचित' आणि 'वंचित नसलेले' असा वेगळा मिळतो.

शहर स्वतःही प्रत्येक शाळेचा अहवाल काढतं. त्यात 'परफॉर्मन्स' म्हणजे मुलं कुठे आहेत, आणि 'इम्पॅक्ट' म्हणजे तशाच परिस्थितीतल्या मुलांच्या तुलनेत शाळेने किती भर घातली. बहुतेक पालक पहिला आकडा बघून पान बंद करतात. दुसरा आधी बघा. त्याच अहवालात 'इकॉनॉमिक नीड इंडेक्स' असतो, तो शाळेतल्या गरिबीचा अंदाज देतो. त्यासाठी मोफत जेवण घेणाऱ्यांचा टक्का वापरू नका. न्यूयॉर्कमध्ये २०१७ पासून सगळ्याच मुलांना दुपारचं जेवण फुकट आहे, त्यामुळे तो आकडा आता काहीच सांगत नाही.

याशिवाय तीन गोष्टी बघाव्यात. वर्षाला १० टक्के किंवा अधिक दिवस गैरहजर राहणारी मुलं किती? १८० दिवसांच्या शाळेत हे १८ दिवस होतात. तीन वर्षांहून जास्त अनुभवाचे शिक्षक किती? आणि शाळेच्या पाहणीत शिक्षकांनी मुख्याध्यापकांवरच्या विश्वासाबद्दल काय सांगितलं आहे? पालकांची उत्तरं बहुधा गोड असतात, शिक्षकांची नसतात. ज्या शाळेचे शिक्षक मुख्याध्यापकांवर विश्वास ठेवत नाहीत ती दोन वर्षांत बदललेली दिसते, आणि चांगल्या दिशेने क्वचितच.

एका वर्षाच्या चढउताराने हुरळू नका. राज्याच्या परीक्षा तिसरी ते आठवीच्या असतात, निकाल १ ते ४ पातळ्यांत लागतो आणि ३ व ४ पास समजतात. तिसरीत ७० मुलं असतील तर तीन मुलं इकडची तिकडे झाली की टक्केवारी चारने हलते. निदान तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवा.

'आशियाई' हा रकाना वाचतानाही सांभाळून. मँडरिन बोलणाऱ्या डॉक्टरचं मूल, टॅक्सी चालवणाऱ्या बांगलादेशी माणसाचं मूल आणि पुण्याहून आलेल्या इंजिनिअरचं मूल एकाच रकान्यात पडतात. "आशियाई ६० टक्के" म्हणजे आपल्यासारखीच मुलं, असं धरून चालणारे पालक पहिल्या पालकसभेत चकित होतात.

पायरी तिसरी: शाळा डोळ्यांनी बघा

शाळा बघायचे दिवस साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत असतात. सजवलेला व्हरांडा सोडा, वर्गात काय चाललंय ते बघा. वाचन कुठल्या पद्धतीने शिकवतात, आणि मागे पडणाऱ्या मुलाला आठवड्यात किती वेळ वेगळं शिकवतात, ते विचारा. "गरजेनुसार" हे उत्तर पुरेसं नाही, मिनिटं विचारा. वर्गात किती मुलं आहेत? २०२२ च्या राज्य कायद्याने न्यूयॉर्क शहरासाठी किंडरगार्टन ते तिसरीत २०, चौथी ते आठवीत २३ आणि हायस्कूलमध्ये २५ अशी कमाल ठरवून ती टप्प्याटप्प्याने गाठायला सांगितलं आहे. तुमच्या शाळेत ती आज पाळली जाते का, हे विचारायला संकोचू नका.

शाळा मिश्र दिसते तिथे आणखी एक बघा: वर्गही मिश्र आहेत का? एकाच इमारतीत हुशार मुलांच्या वेगळ्या तुकडीत गोरी आणि आशियाई मुलं, आणि शेजारच्या सामान्य तुकडीत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं, असं चित्र न्यूयॉर्कला नवीन नाही. शाळेच्या पानावरचा एकत्रित टक्का हे झाकून टाकतो. मधल्या सुट्टीत जेवणाच्या हॉलमध्ये दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं.

पालक संघाच्या पैशाचीही चौकशी करा. शाळेला मिळणारी रक्कम शहर सूत्राने ठरवतं, पण वर संगीत शिक्षक, मदतनीस, सहली यांसाठी पालक संघ पैसे उभे करतात. काही संघ वर्षाला १० लाख डॉलरहून जास्त जमवतात, काहींना हजार जमवणं जड जातं. हे आकडे शहर प्रसिद्ध करतं. श्रीमंत संघाची शाळा हवी असेल तर दर वर्षी पाकीट पुढे येणार हेही गृहीत धरा. ते ऐच्छिक असतं, पण प्रत्येक पालकाला ते ऐच्छिक वाटतंच असं नाही.

पायरी चौथी: यादी खरी लिहा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हे सावकाश वाचा.

अर्ज 'मायस्कूल्स' या संकेतस्थळावर, साधारण डिसेंबर ते जानेवारीत भरतात. किंडरगार्टनसाठी १२ पर्यंत शाळा पसंतीच्या क्रमाने लिहिता येतात. जो आधी भरेल त्याला आधी, असं इथे नाही. पहिल्या रात्री जागून भरलेला आणि शेवटच्या दुपारी भरलेला अर्ज सारखाच.

प्रत्येक शाळा अर्जदारांना प्राधान्यगटांत लावते. ढोबळ क्रम असा: झोनमध्ये राहणारा आणि ज्याचं भावंड त्या शाळेत आहे तो, मग झोनमधले इतर, मग झोनबाहेरचे पण भावंड असलेले, मग त्याच शाळेच्या प्री-केमधली (किंडरगार्टनच्या आधीच्या वर्गातली) मुलं, मग डिस्ट्रिक्टमधले आणि शेवटी बाकीचे. एकाच गटातल्या दोघांत निवड करायची तर लॉटरीचा क्रमांक बघतात. हा क्रमांक ३२ अक्षरांचा असतो आणि प्रत्येक अक्षर ० ते ९ किंवा ए ते एफ यांपैकी असतं. ० सर्वांत चांगला, एफ सर्वांत वाईट. पहिलं अक्षर ० ते ३ असेल तर तुम्ही वरच्या चौथ्या भागात, ७ पर्यंत असेल तर वरच्या अर्ध्यात. प्रत्येक मुलाला एकच क्रमांक मिळतो आणि तो यादीतल्या सगळ्या शाळांना लागू होतो. तो खात्यात दिसतो.

आता जागा कशा वाटतात ते. संगणक आधी प्रत्येक मुलाला त्याच्या पहिल्या पसंतीच्या शाळेपुढे उभं करतो. शाळा आपल्या प्राधान्यक्रमाने मुलं तात्पुरती धरून ठेवते, उरलेली सोडते. सोडलेली मुलं आपल्या पुढच्या पसंतीकडे जातात. तिथे ती आधी धरलेल्यांच्या बरोबरीने तोलली जातात, आणि प्राधान्य जास्त असेल तर आधीच्याला बाहेर काढून जागा मिळवतात. कुणीच हलेनासं झालं की जागा पक्क्या. ही मूळ रीत डेव्हिड गेल आणि लॉईड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडली. अल्विन रॉथ, अतिला अब्दुलकादिरोलू आणि पराग पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी ती न्यूयॉर्कच्या हायस्कूल प्रवेशात आणली. आदल्या वर्षी सुमारे ३०,००० मुलांना यादीतली एकही शाळा मिळाली नव्हती, नव्या पद्धतीच्या पहिल्या वर्षी ही संख्या सुमारे ३,००० वर आली.

यातून निघणारा नियम एकच: जी शाळा सगळ्यात जास्त हवी ती पहिली, मग दुसरी, मग तिसरी. "ती काही मिळणार नाही, पहिला नंबर वाया जाईल" हा हिशेब इथे चुकीचा आहे. पहिली मिळाली नाही म्हणून दुसऱ्या शाळेत तुमचं प्राधान्य तसूभरही कमी होत नाही. बॉस्टनमध्ये २००५ पर्यंत जुनी पद्धत होती: शाळा आधी तिला पहिल्या क्रमांकावर लिहिणाऱ्यांनाच पक्क्या जागा द्यायची. तिथे दुसऱ्या क्रमांकावर लिहिलेली शाळा पहिल्याच फेरीत भरून जायची, आणि माहितगार पालक बरोबर अंदाज बांधून खेळायचे. ज्यांना कुणी सांगणारं नव्हतं ते मार खायचे. जुनेजाणते नातेवाईक अजूनही त्याच पद्धतीचा सल्ला देतात.

तीन चुका वारंवार दिसतात. झोनची शाळा 'सुरक्षित' म्हणून पहिली लिहिणं: ती मिळाली तर खालची कुठलीच मिळत नाही, कारण संगणक तुमचं म्हणणं खरं मानतो. झोनची शाळा यादीत लिहायलाच विसरणं: मग तिथलं तुमचं प्राधान्य कामाला येत नाही. आणि फक्त दोन नावं लिहून थांबणं. झोनची शाळा मान्य असेल तर तिच्या वर हव्या तितक्या महत्त्वाकांक्षी शाळा लिहा, तिला शेवटी ठेवा. तिच्या खाली काही लिहिण्याचा फारसा उपयोग होत नाही, पण शाळा गच्च भरणारी असेल तर दोन-तीन नावं लिहून ठेवा.

काही शाळा कमी उत्पन्नाच्या, घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्या मुलांसाठी ठराविक जागा राखतात. ही माहिती शाळेच्या पानावर 'डायव्हर्सिटी इन अ‍ॅडमिशन्स' या नावाने असते. 'घरी दुसरी भाषा' या अटीत मराठी बोलणारं घर बसू शकतं, तेव्हा अटींचे शब्द नीट वाचा.

चार्टर शाळांची (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र मंडळाने चालवलेल्या शाळांची) लॉटरी यापासून वेगळी असते. त्यांचा अर्ज साधारण १ एप्रिलपर्यंत चालतो, आणि तो भरल्याने मायस्कूल्सच्या यादीवर काही परिणाम होत नाही. शाळा दूर असेल तर प्रवासाचा हिशेब आधी करा. पिवळ्या बससाठी दुसरीपर्यंत निदान अर्धा मैल आणि तिसरी ते सहावी निदान एक मैल अंतर लागतं, आणि एवढं करूनही प्रत्येक शाळेला बस असतेच असं नाही.

कागदपत्रं, लसी आणि वंशाचा रकाना

अर्जासाठी तुम्ही न्यूयॉर्क शहरात राहत असायला हवं. भारतातून आधीच अर्ज करून ठेवता येत नाही. पत्त्याचे दोन पुरावे लागतात: भाडेकरार, वीज किंवा गॅसचं गेल्या ६० दिवसांतलं बिल, सरकारी खात्याचं किंवा नोकरीच्या ठिकाणचं अधिकृत पत्र. मोबाइलच्या बिलावर भिस्त ठेवू नका. दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू असाल तर मुख्य भाडेकरूकडून रहिवासाचं प्रतिज्ञापत्र घ्यावं लागतं. मावसभावाचा पत्ता लावायचा मोह टाळा, खोटं उघड झालं तर मुलाची जागा जाते. उलट, खऱ्या पत्त्यावर प्रवेश मिळाल्यावर शहरातच दुसरीकडे राहायला गेलात तर मुलाला त्या शाळेत शेवटच्या इयत्तेपर्यंत राहता येतं.

व्हिसा कुठला, हे शाळेने विचारायचं नसतं. १९८२ च्या 'प्लायलर विरुद्ध डो' निकालापासून कागदपत्रं नसलेल्या मुलालाही सरकारी शाळा नाकारता येत नाही.

इयत्ता जन्मवर्षावरून ठरते. डिसेंबर २०२० मध्ये जन्मलेलं मूल सप्टेंबर २०२५ मध्ये, म्हणजे पाच पूर्ण व्हायच्या आधीच, किंडरगार्टनला जातं. "भारतात पहिलीत होता" हे कारण इथे चालत नाही.

लसीकरणात भारतातून आलेल्यांची हमखास अडचण होते. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची एमआर लस देतात, तिच्यात गालगुंड नसतो. कांजिण्यांची लसही त्या कार्यक्रमात नसते. न्यूयॉर्कला गोवर आणि गालगुंडाचे प्रत्येकी दोन डोस आणि कांजिण्यांचे दोन डोस लागतात. शिवाय नवव्या महिन्यात दिलेला गोवराचा डोस इथे मोजत नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतरचाच धरतात. निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) आणि कांजिण्यांची लस घेऊन तारखांसह इंग्रजीत लिहून घ्या. धार्मिक कारणाची सूट राज्याने २०१९ मध्ये बंद केली.

नोंदणीच्या दिवशी घरी कुठली भाषा बोलता, असा फॉर्म येतो. मराठी लिहा. "मूल मागे पडेल" या भीतीने इंग्रजी लिहिणारे पुष्कळ आहेत. पण मराठी लिहिल्याने होतं एवढंच की शिक्षक मुलाशी बोलतात आणि गरज वाटली तर इंग्रजीची छोटी परीक्षा घेतात. पास झालं तर विषय संपला. नाही झालं तर इंग्रजीसाठी जादा शिकवणी मिळते. निर्णय चुकीचा वाटला तर ४५ शालेय दिवसांत फेरतपासणी मागता येते.

वंशाच्या रकान्यात बहुतेक मराठी पालक 'आशियाई' वर खूण करतात, काही जण तो मोकळा सोडतात. मोकळा सोडलात तर शाळेचा कर्मचारी मुलाकडे बघून भरतो, तशी संघराज्य सरकारची सूचनाच आहे. तेव्हा स्वतः भरलेलं बरं. या खुणेने जागा मिळत नाही की जात नाही. ती फक्त आकडेवारीत जाते, म्हणजे तुम्ही वर ज्या अहवालात शाळा शोधल्यात त्यातच.

पाचवीनंतर

पुढचे टप्पे थोडक्यात. हुशार मुलांच्या तुकडीसाठी चार वर्षांच्या मुलांची परीक्षा शहराने २०२१ मध्ये बंद केली. आता शिक्षकांची शिफारस आणि लॉटरी आहे. मिडल स्कूलचे, म्हणजे सहावी ते आठवीचे, नियम डिस्ट्रिक्टनुसार बदलतात. ब्रुकलिनच्या डिस्ट्रिक्ट १५ ने, ज्यात पार्क स्लोपसारखा श्रीमंत आणि सनसेट पार्कसारखा स्थलांतरितांचा भाग दोन्ही येतात, गुण आणि मुलाखती काढून टाकल्या आणि ५२ टक्के जागा कमी उत्पन्नाच्या, इंग्रजी शिकणाऱ्या किंवा बेघर मुलांना प्राधान्याने दिल्या.

आठ नामवंत हायस्कूलना मात्र एकच परीक्षा लागते, आणि ती पद्धत १९७१ च्या राज्य कायद्यात आहे. २०१९ मध्ये त्यांतल्या स्टायव्हेसंट हायस्कूलच्या ८९५ जागांपैकी ७ जागा कृष्णवर्णीय मुलांना मिळाल्या, तर आठही शाळा मिळून निम्म्याहून अधिक जागा आशियाई मुलांना जातात. आपल्या घरांतून शिकवणीवर्गांचा आग्रह याच परीक्षेपोटी असतो. त्याची तयारी सहावी-सातवीत सुरू होते, किंडरगार्टनची शाळा त्यासाठी निवडायचं काही कारण नाही.

निकाल लागल्यावर

निकाल वसंतात येतो. यादीत मिळालेल्या शाळेच्या वर जितकी नावं होती त्या सगळ्यांच्या वेटिंग लिस्टवर तुमचं नाव आपोआप लागतं. मिळालेली जागा स्वीकारल्याने ते नाव जात नाही, म्हणून ती मुदतीत स्वीकारा आणि नोंदणी करून टाका. मुदत चुकली तर हातची जागाही जाते. उन्हाळ्यात लोक गाव बदलतात, खासगी शाळेत जातात, त्यामुळे याद्या हलतात. सगळ्यात जास्त हालचाल शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आणि नंतरच्या काही आठवड्यांत होते, कारण कोण खरोखर आलं नाही ते तेव्हाच कळतं. वेटिंग लिस्टवरून येणारा निरोप ईमेलने येतो आणि उत्तराला थोडेच दिवस मिळतात. ऑगस्टमध्ये भारतात जाणार असाल तर मायस्कूल्सच्या खात्यातला ईमेल रोज उघडता येईल असाच ठेवा, आणि फोन नंबर इथला ठेवा, भारतातला नको.